चाकावर कुणी बसावं?

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत ज्या 18 पारंपरिक व्यवसायांना जागा मिळाली, त्यांत कुंभारकाम आहे. नाव नोंदवायला वय किमान 18 लागतं, एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि मूलभूत प्रशिक्षण चालतं 5 ते 7 दिवस. त्या दिवसांचं रोजचं 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पुढे 5 टक्के व्याजानं कर्ज. हातात काम असलेल्या कारागिराला हे उपयोगी आहे. पण पाच-सात दिवसांत कुणाला चाक येत नाही. येणाऱ्याला काम आधीच येतं, हे योजना धरूनच चालते. मग ते यायचं कधी? बारा-तेराव्या वर्षापासून सतरा-अठराव्या वर्षापर्यंत, बापाच्या नाहीतर चुलत्याच्या चाकापाशी. ज्या वर्षांत हात घडतो, नेमक्या त्याच वर्षांबद्दल सरकारी कागद गप्प आहे.

गप्प आहे हेच बरं, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. पोरवयात पोरानं शाळेत असावं. त्याच्या बापाचा धंदा त्याच्या कपाळी आधीच लिहून ठेवू नये. दुसरीकडे, चाक शिकायचं वय निघून गेलं की ते पुढे शिकणं फार अवघड जातं, हेही खरं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला, मुलीला चाकावर बसवावं का, कुणाच्या मुलाला, आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यापुरता तरी उघडपणे मांडायला हवा.

हिंगोलीच का? कारण इथं मातीकामाचं कुणी कौतुक करत नाही, आणि म्हणून त्याची चिंताही कुणी करत नाही. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा ओळखला जातो वसमतच्या हळदीसाठी, औंढ्याच्या नागनाथासाठी, हिंगोलीच्या दसऱ्यासाठी, आणि आता औंढ्याजवळ होऊ घातलेल्या लायगो वेधशाळेसाठी. मातीची भांडी बघायला म्हणून इकडे कुणी येत नाही. तरी घरोघरीचं वर्ष कुंभाराच्या वस्तूंवर चालतं. संक्रांतीला सुगडं, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं पाणी भरायला करा-केळी, उन्हाळ्यात माठ आणि रांजण, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या. लग्नात कुंभाराघरून ऐरणी आणायची आणि माणूस गेला की शेवटचं मडकंही त्याच्याकडूनच. यातली एकही गोष्ट अजून पूर्ण बंद पडलेली नाही. ती करणारे हात मात्र दरसाल वयानं वाढताहेत आणि त्यांच्या शेजारी बसणारं पोर दिसेनासं होतंय.

पैशाची बाजू आधी बघू, कारण बहुतेक घरांत निर्णय तिथंच होतो. सुगडांचा हंगाम काही दिवसांचा. पणत्या बाहेरच्या कारखान्यांतून साच्यात काढलेल्या, रंगवलेल्या, खोक्यांत भरून येतात. माठाच्या जागी फ्रिज आला, फ्रिज नसेल तिथं पाण्याचा जार आला. पावसाळ्याचे चार महिने भांडं वाळत नाही आणि ती भाजायचा आवा लावता येत नाही. मराठवाड्यातली कितीतरी कुंभार कुटुंबं यातून वीटभट्टीकडे वळली. तिथं माती तीच, पण चाकाची गरज नाही. ‘आमचं झालं तेवढं बास, लेकराला ह्यात गुतवायचं नाही,’ हे कुंभाराच्या घरात ऐकू येणारं वाक्य कंटाळ्यातून आलेलं नसतं. ते हिशोबातून आलेलं असतं. ज्या बापाला तो हिशोब रोज करावा लागतो, त्याला परंपरा जपण्याचा उपदेश करायचा हक्क दिवाळीत मॉलमधून दिवे घेणाऱ्यांना नाही.

दुसरी बाजू जातीची, आणि ती अधिक जड आहे. बलुतेदारीत कुंभाराला जागा होती, मान होता, सुगीला धान्य होतं, पण निवड नव्हती. मुलाची कुवत आणि ओढ न बघता जन्मावरून त्याचं काम ठरवणं हा जातिव्यवस्थेचा गाभा आहे, हा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये ज्या ठामपणे मांडला त्याला अजून कुणी पुरेसं उत्तर दिलेलं नाही. 1953 मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींच्या सरकारनं प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, अशा नावानं तिच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले, कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना मागे घेतली गेली. तमिळनाडूत ती आठवण किती ताजी आहे हे 2024 च्या नोव्हेंबरात दिसलं. मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी विश्वकर्मा योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. घराण्याचा पारंपरिक व्यवसाय असण्याची अट काढा, आणि किमान वय 18 वरून 35 करा, असं त्यांच्या सरकारचं म्हणणं होतं. पस्तिशीपर्यंत माणूस आपल्या मर्जीनं त्या धंद्यात टिकला असेल तर त्याला मदत करा. अठराव्या वर्षी पैसे दाखवून पोराला कॉलेजच्या दारातून परत फिरवू नका, हा त्यामागचा विचार.

गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, एक कथा महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. विठ्ठलाच्या नामात रंगून माती तुडवताना आपलंच रांगतं लेकरू पायाखाली आल्याचं त्यांना कळलं नाही. कीर्तनकार ती भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगतात. मला मात्र ती ऐकताना त्या लेकराच्या आईचं ओरडणं आधी ऐकू येतं. मोठ्यांच्या तंद्रीत लेकरं तुडवली जातात, मग ती तंद्री देवाची असो की परंपरेची. हस्तकला वाचवण्याच्या उत्साहात हे विसरता कामा नये.

एवढं सगळं मान्य करूनही मी स्टालिन यांच्या 35 वर्षांच्या अटीशी थांबतो. कर्ज आणि अनुदान मिळण्याचं वय म्हणून ती अट चालेल. शिकण्याचं वय म्हणून ती चालत नाही. का, ते कळायला चाकावर नेमकं काय घडतं ते जवळून बघावं लागतं.

जुनं चाक जमिनीलगत असतं, जड, एका खुंटीवर तोललेलं. कुंभार कडेच्या खाचेत काठी घालून ते गरागरा फिरवतो, काठी बाजूला ठेवतो आणि उकिडवा बसतो. आता जे काही व्हायचं ते चाकाचा वेग उतरायच्या आत. तिंबलेल्या मातीचा गोळा मध्यावर आपटलेला असतो, पण तो मध्यावर नसतोच, फिरताना डुगडुगतो. पहिलं काम तो स्थिर करण्याचं. इथं नवशिका नेहमी एकच करतो: माती जिकडे ढकलेल तिकडे त्याचे हात जातात. जाणता माणूस कोपर मांडीला टेकवतो, हात स्थिर ठेवतो आणि मातीला हाताशी जुळायला लावतो. ते जमलं की गोळा फिरतोय की थांबलाय हे कळेनासं होतं. मग अंगठा मध्यात उतरतो, तळाशी किती जाडी ठेवायची हे डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळावं लागतं. आतलं बोट आणि बाहेरचं बोट यांच्यामध्ये भिंत वर चढते. घाई केली की ती पिळली जाते, रेंगाळलं की पाणी पिऊन बसते. काठ ओल्या चिंधीनं गोल करायचा, दोऱ्यानं खालून कापायचं आणि न दबता उचलायचं.

आणि एवढ्यानं माठ होत नाही. चाकावर तयार होतं ते जाड अंगाचं, बुटकं भांडं. गळा तेवढा पूर्ण. ते थोडं सुकलं की थापटण्याची पाळी. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकायचं, भांडं फिरवत राहायचं. थापेगणिक भिंत पातळ होते, पोट फुगतं, तळ गोल होऊन मिटतो. किती ओल असताना थापटायचं हे घड्याळावर सांगता येत नाही. वैशाखातला दुपारचा वारा आणि श्रावणातली दमट हवा यांत तासांचा फरक पडतो. भांडं नखानं टोचून, गालाला लावून, थाप मारून आवाज ऐकून हे ठरतं.

हे ज्ञान हातात उतरायला वर्षं लागतात आणि ती वर्षं पोटाची चिंता सुरू होण्याआधीची असावी लागतात. तिशीतला माणूस चाक शिकू शकत नाही, असं नाही. बर्नार्ड लीच हा इंग्रज चित्रकार 1911 मध्ये तोक्योत पहिल्यांदा मातीला लागला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि पुढे त्यानं इंग्लंडमधल्या कुंभारकामाची दिशा बदलली. पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारी फी भरून चाकावर बसणारे बहुतेक मोठी माणसंच असतात, आणि त्यांतले काही फार चांगलं काम करतात. पण त्यांच्यामागे नोकरी असते, तयार माती विकत मिळते, विजेची भट्टी असते. बिघडलेलं भांडं त्यांच्या जेवणातला घास काढत नाही. कळमनुरी किंवा सेनगावच्या माणसाला तिसाव्या वर्षी बिघडवत बिघडवत शिकायची मुभा कोण देणार? ती मुभा असते ती फक्त शाळकरी वयाला. आपण दहा वर्षांच्या मुलाला तबल्याच्या क्लासला घालतो. तो पुढे तबलजी होईलच असं धरत नाही, हात तयार व्हायचं वय हेच म्हणून घालतो. चाकाबद्दल तेवढाच साधा विचार करायला काय हरकत आहे?

हरकत एकच, आणि ती खरी: तबल्याच्या क्लासला कुणाचीही मुलं जातात, चाकापाशी फक्त कुंभाराची. कायद्यानंही नकळत हीच वाट पक्की केली आहे. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीनं 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी आली, पण शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या व्यवसायाला हातभार लावण्याची सूट ठेवली. म्हणजे कुंभाराचं पोर घरी चाक फिरवू शकतं, शेजारच्या मराठा, आंध, बौद्ध किंवा मुस्लिम घरातलं पोर ओढ असूनही त्या घरी कामाला बसू शकत नाही. सवलत दिली ती घराण्याला. कुंभाराच्या पोराला बाहेर पडायला आणि दुसऱ्याच्या पोराला आत यायला जागा उरली ती एकच, शाळा.

शाळेत हस्तव्यवसाय आणण्याचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. हाताच्या कामातून गणित, भाषा, विज्ञान शिकवायचं ही त्यातली कल्पना आजही जिवंत वाटते. पण मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही गांधीजींची अपेक्षा तेव्हाच वादात सापडली. शाळेचा कारखाना होईल ही टीकाकारांची भीती रास्त होती. मुलानं केलेल्या वस्तूच्या विक्रीवर शाळा अवलंबून राहिली की मुलाच्या शिकण्यापेक्षा वस्तूंचा आकडा मोठा होतो. नई तालीमकडून कल्पना घ्यावी, तो हिशोब घेऊ नये.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना ठेवायचं म्हटलंय. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन काम बघावं, करावं. कुंभाराचं नाव धोरणात आलं याचा मला आनंद आहे. पण 10 दिवसांत सगळेच आले, आणि त्यात कुंभाराच्या वाट्याला एक सकाळ येणार: मुलं रांगेनं चाकाला हात लावणार, फोटो निघणार, चिखलाचे हात धुवून मुलं परत जाणार. चाकाची ओळख होईल, चाक येणार नाही. ज्यांना ओढ वाटली त्या चार-दोन मुलांसाठी त्या सकाळीनंतर काय, याचं उत्तर धोरणात नाही.

या जिल्ह्याला कुंभाराच्या ज्ञानाशी जोडणारी एक जुनी कथा आहे. संत नामदेवांचं जन्मस्थान मानली जाणारी नर्सी हिंगोली तालुक्यातली. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, यानं काय करतात? भाजलेलं मडकं कोणतं आणि कच्चं कोणतं ते कळतं, गोरोबा म्हणाले. मग आमच्यांत कच्चं कोण ते सांगा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. नामदेवांना राग आला आणि मडकं कच्चं ठरलं. ते पक्कं व्हायला नामदेव गेले ते विसोबा खेचरांकडे, औंढ्या नागनाथाला. नर्सीचा मुलगा, तेरचा कुंभार आणि औंढ्याचा गुरू. या कथेचा आध्यात्मिक अर्थ सांगायला इतर पुष्कळ आहेत. मला त्यातली बैठक महत्त्वाची वाटते: ज्ञानदेवांच्या भावंडांसह सगळे बसलेले असताना परीक्षा घेण्याचा अधिकार कुंभाराकडे, त्याच्या रोजच्या अवजारासकट. आपल्या शाळांत तो अधिकार कुंभाराला कधी मिळालाय? तो शाळेत येतो तो फार तर मुलाचा पालक म्हणून आणि मागच्या रांगेत उभा राहतो.

शिकवण्यासारखं त्याच्याकडे किती आहे! हिंगोलीची जमीन बेसॉल्टच्या खडकापासून झालेली काळी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. अशी नुसती माती चाकावर चढवली तर भांडं वाळतानाच तडकणार. म्हणून कुंभार तळ्याच्या, नदीच्या गाळाची माती शोधतो, तीत चाळलेली राख, लीद, बारीक रेती मिसळतो. कशाचं प्रमाण किती, हे त्या त्या गावच्या मातीवर ठरतं. कयाधूच्या काठची माती आणि पूर्णेच्या काठची माती सारखी वागेल असं नाही. शाळेच्या विज्ञानात बाष्पीभवनानं थंडावा कसा येतो हे असतं. माठ ते करून दाखवतो, आणि तो फार कडक भाजला, त्याची छिद्रं मिटली, तर पाणी थंड होत नाही हेही दाखवतो. आव्याची आच हळूहळू का वाढवायची? मातीत उरलेलं पाणी वाफ होऊन भांडं फोडतं म्हणून, आणि रेतीतलं क्वार्ट्झ 573 अंशांना एकदम प्रसरण पावतं म्हणून. कुंभाराला हा आकडा माहीत नसेल. पऱ्हाट्या-तुराट्या केव्हा घालायच्या, गोवऱ्यांवर राख-खापरांचं पांघरूण किती जाड ठेवायचं, हे माहीत असतं. शाळेतल्या शिक्षकाला आकडा माहीत आहे, आवा नाही. या दोघांना एका वर्गात आणणं, यापलीकडे चाकाच्या शिक्षणाची मोठी व्याख्या मला करता येत नाही.

मुलींचा मुद्दा इथंच काढला पाहिजे. कुंभाराच्या घरात बाई माती आणते, चाळते, तुडवते, थापटते, रंगवते, डोक्यावर पाटी घेऊन विकायला जाते. चाकावर मात्र तिनं बसू नये हा संकेत कितीतरी ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. जड चाक काठीनं फिरवायला लागणारी ताकद हे त्याचं एक कारण सांगितलं जायचं. विजेच्या चाकानं ते कारण संपवलं. ऑक्टोबर 2020 मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या योजनेतून शेजारच्या नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतल्या 100 कुंभार कुटुंबांना अशी चाकं मिळाली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ती दूरदृश्य प्रणालीतून वाटली. बटण दाबलं की चाक फिरतं, पायाशी वेग कमी-जास्त होतो, तेरा वर्षांची मुलगी त्यावर आरामात बसू शकते. शाळेत चाक आलं तर कुंभाराच्या मुलीला ते कदाचित घरच्याआधी शाळेत मिळेल. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी शाळेतल्या चाकाच्या बाजूनं मत देईन. वीज जाते हे खरं. गेली तर त्या दिवशी हातानं बैल करावेत.

माझं मत असं बनतं. हिंगोली जिल्ह्यातल्या काही जिल्हा परिषद शाळांत, जिथं जवळपास चाक चालवणारा कुंभार आहे तिथं, सातवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून दोन दुपारी चाक शिकवावं. सक्ती कुणालाही नको, आणि कुंभाराच्या मुलाला तर विशेषच नको. ‘तुझ्या घरचंच आहे, तू कर’ असं म्हणणाऱ्या शिक्षकाला थांबवलं पाहिजे; त्या पोराला कबड्डी खेळायची असेल तर त्यानं कबड्डी खेळावी. वर्ग सगळ्या जातींच्या मुलांचा असावा आणि तसा होत नसेल तर तो चालवू नये. फक्त कुंभाराची मुलं बसलेला चाकाचा वर्ग म्हणजे 1953 ची मद्रास योजनाच दुसऱ्या दारानं. मुलांनी केलेल्या वस्तू विकू नयेत, निदान शाळेच्या खर्चासाठी नाही. आणि मुलांना हे शिकून पोट भरेल असं वचन देऊ नये, कारण ते आज खरं नाही. ज्याला पुढे याच कामात राहायचं असेल त्याच्यासाठी वाटा आहेत: बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची संस्था आहे, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघानं मातीकामाचं मोठं काम उभं केलं, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात मृत्तिकाशिल्प शिकवलं जातं. दहावीच्या मुलाला या जागांची नावंसुद्धा कळत नाहीत, ती वर्गात सांगावीत.

काही बारीकसारीक गोष्टी मोठ्या धोरणांत राहून जातात आणि नंतर तिथंच काम अडतं. वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसांना घातक असते, वर्षानुवर्षं ती नाकात गेली तर आजार जडतो. म्हणून माती कोरडी चाळायचं काम मुलांना देऊ नये आणि वर्ग झाडू नये, ओल्या फडक्यानं पुसावा. आवा शाळेत लावू नये. कुंभाराकडे जेव्हा लागेल तेव्हा मुलांची भांडी त्यात जावीत, आणि मुलांनी रात्री नाही तरी उतरवतानाच्या सकाळी तिथं असावं: किती फुटली, कशी फुटली हे बघणं हा अर्धा अभ्यास आहे. मातीसाठी वेगळी खरेदी काढायचं कारण नाही. राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 मध्ये सुरू झाली. तलावांतून निघणाऱ्या गाळाच्या शेकडो ट्रॉल्या शेतांत जातात, दोन ट्रॉल्या शाळेला आणि दोन कुंभाराला मिळाव्यात.

राहिला कुंभाराच्या मोबदल्याचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळं इथंच ठरतं. त्याला श्रीफळ-शाल देऊन बोलावलं तर तो दोनदा येईल, तिसऱ्यांदा येणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तिथं कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं म्हटलंय. कार्यशिक्षणाची ती जागा कुंभाराला देता येते. अडचण कागदी पात्रतेची येणार: पदविका कुठे आहे? त्यासाठी नवं प्रमाणपत्र काढायची गरज नाही. विश्वकर्मा योजनेत नोंदलेल्या कारागिराला प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. आज ते कर्जासाठी बँकेत दाखवायचा कागद आहे. जिल्हा परिषदेनं ते शाळेत शिकवण्याची पात्रता म्हणून मान्य करावं, दर तासिकेचा दर इतर अंशकालीन निदेशकांइतकाच ठेवावा आणि तो वेळेवर द्यावा.